रविवारचं काम

"याहून कडक काही असेल तर दाखवा," सूनबाई म्हणाली.

लगामाच्या चार सळया काउंटरवर मांडलेल्या होत्या, घोड्याच्या तोंडात बसणाऱ्या. पहिली गुळगुळीत, दुसरी मधे सांधा असलेली, तिसरी पिळाची. चौथी इतकी बारीक की नुसत्या दर्शनानेच माणसाने आपली जीभ आत ओढून घ्यावी. तिचं बोट चौथीवर होतं, पण सळई उचलवत नव्हती. बुधवारची दुपार. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, बसायला स्टूल होतं, तरी तिला बसवत नव्हतं. ती हातातलं किल्ल्यांचं जुडगं वाजवत उभी होती आणि दर मिनिटाला काचेतून बाहेर गाडीकडे बघत होती.

गाडीत सासरे होते. त्यांना घरी एकटं ठेवायची आता सोय उरली नव्हती. पुढच्या सीटवर बसून ते सीटबेल्टचं बक्कल काढत होते, लावत होते, पुन्हा काढत होते. एके काळी चाळीस घोड्यांचा तबेला सांभाळलेला माणूस, हल्ली डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधायचा.

घोडी करते तरी काय, असं खोगीरवाल्याने विचारलं मात्र, तिने भडाभडा सगळं सांगून टाकलं. सहा वर्षं गरीब गाईसारखी वागलेली घोडी गेल्या तीन महिन्यांत बिथरली होती. खोगीर दिसलं की कान मागे, पाठीला लागलं की दात बाहेर. महिन्याभरात तिने सूनबाईला दोनदा पाडलं होतं. नवऱ्याने तर निकालच लावला होता, हातपाय मोडून घेण्यापेक्षा घोडी गेलेली परवडली. उद्या सकाळी नऊला व्यापारी येणार होता. तो अशी जनावरं कशाला घेतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आज संध्याकाळी ती शेवटचं बसून बघणार होती. घोडी ताब्यात राहिली तर राहिली, नाहीतर गेली.

खोगीरवाल्याने सळयांना हातही लावला नाही. जुनं खोगीर आणलंय का, एवढंच विचारलं. ते डिकीत होतं. तिने आणून दिलं तसं त्याने ते पालथं घातलं आणि खालच्या गादीवरून तळवा फिरवला. डाव्या अंगाची गादी बसून पार चपटी झाली होती. मग त्याने दोन्ही रिकिबींचे पट्टे सोडवले आणि टोकाला टोक जुळवून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. डावा पट्टा चांगला दोन बोटं लांब भरला.

"हे शेवटचे कधी बदललेत?"

"नवेच आहेत की. दोन वर्षंही झाली नसतील."

"नव्या-जुन्याचं नाही विचारत. अदलाबदल कधी केलीत? चढताना आपण डाव्या रिकिबीत पाय घालतो. रोज सगळा भार त्या एका पट्ट्यावर, तो ताणणारच. म्हणून डावा उजवीकडे, उजवा डावीकडे, असं करत राहायचं. नाहीतर माणूस वाकडा बसतो आणि खोगीर एका अंगाने पाठीत रुततं." त्याने चारही सळया गोळा करून खणात टाकल्या. "पाठ दुखतेय तिची, आणि तुम्ही तोंड आवळायला निघालात. चोर सोडून संन्याशाला फाशी."

खोगीरवाला पट्टे उलटसुलट करून बघत होता. पाच-सहा महिन्यांपूर्वीपर्यंत कुणीतरी हे काम नेमाने करत असणार, तो म्हणाला. दोन्हींवर बक्कल घासल्याच्या जुन्या खुणा अगदी सारख्या होत्या. काम जाणणारा हात होता म्हणे.

तेव्हा कुठे ती स्टुलावर बसली. दर रविवारी सकाळी सासरे खोगिराच्या खोलीत बसून चांगले लावलेले पट्टे सोडायचे आणि उलट्या बाजूंना लावायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. डॉक्टरांना त्यांची लक्षणं सांगताना तिने हेच पहिलं सांगितलं होतं. मग त्यांच्याच भल्यासाठी म्हणून खोलीला कुलूप घातलं. तीन-चार रविवार ते कुलूप हलवत दाराशी उभे राहिले, नंतर तेही सुटलं. तिला तेव्हा हायसं वाटलं होतं. आता स्वतःचीच लाज वाटली.

गादी भरून द्यायला आठवडा लागेल, तोवर घोडीच्या पाठीवर रुमालसुद्धा टाकू नका, खोगीरवाल्याने बजावलं. तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळव, म्हणाली. तो का, कशाला करू लागला तसं घरी आल्यावर सांगते म्हणून फोन ठेवला, आणि दोन्ही पट्टे घेऊन बाहेर आली.

गाडीचं दार उघडून तिने पट्टे सासऱ्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी सीटबेल्टचं बक्कल हातातून सोडलं. एकेक पट्टा अंगठ्याखालून सरकवला, चष्म्याची गरजही पडली नाही. लांब होता तो उजव्या गुडघ्यावर टाकला, आखूड डाव्या.

"आज रविवार का गं?"

"हो, बाबा."

त्यांनी हात पुढे केला.

"मग किल्ली दे."