न झालेल्या गप्पांची प्रुफं

"मी असं काही बोललोच नाही," दारात बूट काढता काढताच कागेयामा म्हणाले आणि हातातली प्रुफं त्यांनी संपादक मिनेकोपुढे धरली.

प्रुफं दोन्ही लेखकांना पाठवली, असा छापखान्यातून मोरिवाकींचा फोन आल्यापासून ती याच क्षणाला घाबरून होती. तिने वाकून वाकून माफी मागितली, म्हाताऱ्या लेखकाला आत घेतलं, चटईवर उशी सरकवली आणि हिरवा चहा घुसळायला बसली. मात्सुए गावात माणूस भांडायला आला तरी आधी चहा होतो, हे एक बरं आहे.

चूक म्हटली तर छापखान्याच्या मोरिवाकींची, म्हटली तर कोणाचीच नाही. मासिकात दोन लेखकांच्या गप्पा छापायच्या असल्या की त्यांची प्रुफं दोघांकडे जातात. दोघं लाल पेन्सिलीने आपापली वाक्यं सुधारतात आणि जे बोलायचं राहिलं तेही बोलून घेतात. मोरिवाकी आजवर हेच करत आले होते, याही वेळी त्यांनी केलं. फरक एवढाच, की या गप्पा झाल्याच नव्हत्या. 'गोष्ट कुठे थांबवावी?' या प्रश्नावर कागेयामा आणि इतोहाराबाई काय काय बोलले असते, ते मिनेकोने एकटीने बसून लिहिलं होतं. वर 'काल्पनिक' असा शब्द यायचा होता, पण तो शीर्षकाबरोबर पाठवू म्हणून तिच्याकडेच राहिला. मिठाई घेऊन दोघांच्या घरी जायचं, परवानगी मागायची, हेही ठरलं होतं. तेवढं धाडस गोळा होण्याआधी टपाल पोचलं.

हे मासिक कागेयामा, इतोहाराबाई आणि मिनेको अशा तिघांनी मिळून काढलं होतं. पुढे इतोहाराबाईंच्या कादंबरीवर कागेयामांनी लिहिलं, 'ही गोष्ट चाळीस पानं आधीच संपली होती, बाईंना कोणी कळवलं नाही.' तेव्हापासून दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. आता मासिकही बंद होत होतं, हा शेवटचा अंक. निदान त्यात तरी या दोघांनी एका पानावर बसावं, खोटं का होईना, एवढाच मिनेकोचा हट्ट होता. आता दोघांपैकी एकानेही 'छापू नका' म्हटलं, की संपलं.

कागेयामांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मी इतका गुळमुळीत बोलतो?" त्यांनी प्रुफावर बोट ठेवलं. "हे बघ. 'गोष्टीने शहाण्या पाहुण्यासारखं असावं. यजमान बसा हो म्हणायच्या आत उठावं.' हे ठीक आहे, हे मी म्हणालो असतो. पण त्याच्यापुढे 'असं मला वाटतं' कशाला? मला वाटत नाही. मला माहीत असतं."

मिनेकोने हळूच मान उंचावून पाहिलं. समास लालेलाल झाला होता. म्हाताऱ्याने प्रुफं फाडली नव्हती, सुधारली होती! एक शब्द तेवढा त्यांनी पार खोडला होता. इतोहाराबाईंच्या एका वाक्यानंतर तिने कंसात '(कागेयामा हसतात)' असं लिहिलं होतं, त्यातल्या 'हसतात'वर त्यांनी आडवी रेघ मारली होती.

"त्या बाईच्या बोलण्यावर मी हसत नसतो."

"चुकलं, सेन्सेई."

"तिलाही गेलीत का ही?"

"हो."

"मग आता उकळत असेल," कागेयामा खुशीत म्हणाले आणि लाल चवळीच्या वडीचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

तेवढ्यात दाराशी पोस्टमनची स्कूटर थांबली. मिनेको जाड पाकीट घेऊन आत आली. अक्षर इतोहाराबाईंचं होतं. ते तसंच हातात धरून ती उभी राहिली.

"उघड ना. किती शिव्या घातल्यात ते बघू या."

इतोहाराबाईंनीही लाल पेन्सिल चालवली होती. स्वतःचं एकही वाक्य त्यांनी खोडलं नव्हतं, उलट प्रत्येकाला शेपूट जोडलं होतं. आणि त्या शहाण्या पाहुण्याच्या खाली, समासात, नवा मजकूर होता. कागेयामांनी प्रूफ तिच्या हातून ओढून घेतलं आणि ते मोठ्याने वाचायला लागले.

"'पाहुणा लवकर उठतो, कागेयामा-सान, पण यजमानाला काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं. तेवढं सांगायलाच मला ती चाळीस पानं लागली. तुम्ही बसला असतात तर...'" इथे त्यांचा आवाज खाली आला. "'...तर कळलं असतं. अजूनही या. चहा मी करीन. मिनेकोचा फार कडू असतो.'"

कागेयामांनी हातातल्या वाडग्याकडे पाहिलं. मग मिनेकोकडे पाहिलं. आणि असे हसत सुटले की वडीचा कण घशात जाऊन त्यांना ठसका लागला. मिनेको त्यांची पाठ चोळत होती, हसत होती आणि मध्येच बाहीने डोळे पुसत होती. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

ठसका थांबल्यावर त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. खोडलेल्या 'हसतात'च्या खाली टिंबं टिंबं दिली आणि शेजारी लिहिलं, 'राहू द्या'.

मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "या अंकात अजून एखादं पान निघेल का गं?"

"कशाला, सेन्सेई?"

"तिला उत्तर नको द्यायला? एखादं म्हणजे... दोन असली तर बरं. तीनही चालतील."

मिनेकोने हसू दाबलं. "पण 'कुठे थांबायचं ते मला अचूक कळतं' असं तुम्हीच तर म्हणालात. हे बघा, दुसऱ्या पानावर."

"मी कुठे म्हणालो?" पेन्सिलीला टोक काढत कागेयामा म्हणाले. "ते तू लिहिलंयस."