प्लंबरची खात्री

"कंडोम वापरला होता का?" दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी विचारलं.

प्लंबर खुर्चीत ताठ बसला. डोकं अजून ठणकत होतं. पण प्रश्न कामाचा होता, आणि कामाच्या बाबतीत तो कुणाचं ऐकून घेत नसे. "म्हणजे काय! स्वतःच्या हातांनी बसवला. घट्ट. वरून दोरासुद्धा बांधला."

"दोरा?"

"सवय आहे हो ताई. आम्ही काही ढिलं सोडत नाही."

शेजारच्या इलेक्ट्रिशियनने कपाळावर हात मारला. मित्राला सकाळी ओढत इथे त्यानेच आणलं होतं. काल ठेकेदाराच्या पार्टीत फुकटची दारू दिसली आणि या पठ्ठ्याने पिंपच रिकामं करायला घेतलं. तिथेच शिवणकाम करणाऱ्या एका बाईंशी सूत जुळलं. दोघं एकटे, दोघं टल्ली. रात्री तो त्यांच्याच खोलीवर राहिला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवत होतं. कंडोमचं मात्र लख्ख. खिशात कधीपासून पडलेलं पाकीट. मग तो गुडघ्यांवर बसला, श्वास रोखला, ताणून बसवला, दोरा गुंडाळला, बोट फिरवून पाहिलं. सगळं कसं कोरडं ठणठणीत!

ताईंनी शांतपणे समजावलं. एचआयव्हीचा धोका असेल तर गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू व्हायला हव्यात, जितक्या लवकर तितकं बरं. मग महिनाभर रोज.

"दारूच्या नशेत नुसतं मनात आलेलंही केल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "खात्री आहे ना?"

"ताई, इतक्या वर्षांत माझं काम कधी गळलेलं नाही."

"घे की लेका गोळ्या," इलेक्ट्रिशियन कळवळून म्हणाला. "आई तुझ्यासाठी मुली बघतेय."

"तुझ्यासारखं नाही माझं, वायर जोडायची आणि देवाचं नाव घ्यायचं!"

खरं तर प्लंबर मनातून घाबरला होता. पण घाबरलो म्हणायचं म्हणजे काम कच्चं झालं म्हणायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं! तो उठला, दारापर्यंत गेला आणि फोन वाजला. कालच्या त्याच बाई. "दवाखान्यात आहे, बोला," तो म्हणाला.

"मिस्त्री, कमाल केलीत हो! बेसिनखालचा पाइप वर्षभर ठिबकत होता, आज कोरडाठाक. वाकून बघते तर जोडावर कंडोम ताणून बसवलाय आणि वरून माझाच दोरा!" बाई पोट धरून हसल्या. मग एकदम त्यांनी विचारलं, "अहो, पण तुमच्याजवळ कंडोम तर एकच होता ना? कुठल्या दवाखान्यात आहात? मीपण निघाले, रांगेत माझा नंबर लावून ठेवा."