ट्रॉलीमागे

बांगड्यांचे खोके. मिठाच्या गुळण्या. लेकीच्या रांजणगावच्या कंपनीला सुट्टी. घशाच्या ऑपरेशननंतर बायकोचा आवाज गेला आणि जीप मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या" सांगणारं कुणी उरलं नाही. जीपमागची घडीची ट्रॉली उघडली की आमचं दुकान; ती लावता आली नाही तर धंदा बंद. कंपनीत वायरिंग करणाऱ्या लेकीने ट्रॉलीच्या पाठीला कॅमेरा बसवला, माझ्यासमोर पडदा. तळेगावच्या बाजारात रिव्हर्स टाकला. पडद्यावर बायकोच उभी. एका हाताने मला बोलावत, दुसऱ्याने गर्दी अडवत, टाचा गटाराच्या कडेला. आजवर नुसता आवाजच ऐकला होता. "मम्मी, हो की बाजूला, कॅमेरा कशाला बसवलाय?" माझ्या शेजारून लेक ओरडली. "ऱ्हाऊ दे तिला," मी म्हणालो. खिडकीतून विचारलं, "येऊ का गं?" पडद्यावर तळहात मोठा झाला, पत्र्यावर 'येऊ द्या'ची थाप पडली. घेतली तेव्हा जीपला एकही आरसा नव्हता; हिचा आवाजच होता.