सुराच्या जरा खाली

तासगावात बेदाण्याच्या शेडमागं अफताबसर गिटार शिकवतात. त्या दुपारी त्यांनी सोनियाच्या गिटारच्या सहाही जुन्या तारा काढल्या. सोनिया मोकळी दांडी फडक्यानं पुसू लागली.

"नवी तार एकदम सुराला आणायची न्हाई," सर म्हणाले. "जरा खाली थांबायचं, मग हळूच वर घ्यायचं."

"व्हय, सर."

सूर दाखवणारा ट्यूनर काढायचं विसरल्यामुळं तो गिटारच्या डोक्यालाच राहिला होता. त्याचा काटा हलला आणि सुराच्या जरा खाली थांबला.

"काय छेडलंस गं?"

"न्हाई, सर. तार कुठं हाय?"

काटा हळूच चढून मध्यावर टेकला. ट्यूनर हिरवा झाला.

मग ट्यूनरवर दुसऱ्या तारेच्या सुराचं अक्षर उमटलं. काटा पुन्हा जरा खाली थांबला. आणि दोघांच्या डोळ्यांदेखत तार ताणायची दुसरी खुंटी हळूच फिरू लागली.