राहुरीचा बर्फ

"कुनाला खरं वाटायचं न्हाई," गहिनीनाथ मांडीवर थाप मारून लेकीला म्हणाला, "पर राहुरीला थंडीत लई बर्फ पडतो. मुळा धरण गोठतं. मास्तर लोक पायाला फळ्या बांधून घसरत घसरत कॉलेजात जात्यात. त्यापायी मनालीला कशाला जायाचं?"

रेश्मा हसली नाही. शहाण्णव साली बारावी झालेली ही पोरगी एनसीसीच्या शिबिरात मनालीला स्कीइंग शिकून आली होती, आणि आता कॉलेजही तिकडचंच पाहिजे म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. थापा मारण्यात अप्पांचा हात धरणारं जामखेडात कुणी नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण पोरीनं शिकावं असं म्हणताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आज राहुरीच्या कॉलेजाचा एवढा पुळका कुठून आला?

"अप्पा, तुमाला ह्ये कुनी सांगितलं?"

"तितल्याच पाव्हन्यांनी. लई भली मानसं. तुझ्या डब्याचं बी तीच बघनार हायेत."

"कोनते पाव्हने?"

"आगं, परवा न्हाई का आल्ते?"

"मला पाटावर बसवून बघून गेले, ते? अप्पा, त्यांना तर कालच नकार कळवून आलो म्हनला व्हता ना तुमी!"