समोरच्याच समुद्रातला

केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर लाटांनी घासून गुळगुळीत केलेली काच हल्ली फारशी सापडत नाही. म्हणून मॉराग दुकानामागच्या खोलीत बाटल्या फोडायची, ते तुकडे वाळू-पाण्यासकट यंत्राच्या पिंपात आठवडाभर फिरवायची आणि त्यांचे दागिने करायची.

एका म्हातारीने निळा लोलक तळहातावर घेतला. "समोरच्याच समुद्रातला ना गं हा?"

"म्हणजे काय! माझ्या हातांनी वेचलीय ती काच," मॉराग सवयीने म्हणाली.

"माझा लेक ॲलिस्टर इथेच बुडाला, पोरी. देहही हाती लागला नाही. आता त्या पाण्यातलं एवढं तरी गळ्याशी राहील."

मागच्या खोलीत पिंप खळखळत फिरत होतं.

म्हातारीने डोळे मिटले. "लाटा इथपर्यंत ऐकू येतात, नाही?"