ओला पुठ्ठा

"स्टीलचे लोटे नकोत," निहार म्हणाला. "रंग दिसायला हवा."

सुनंदाबाईंनी शोकेसमधले काचेचे ग्लास काढले, पदराने पुसले आणि टीपॉयवर ठेवले. देवघराचं दार त्यांनी आधीच ओढून घेतलं होतं. कानडी मुलखातल्या राजाजीनगरच्या त्या मराठी घरात बिअर कधी आली नव्हती असं नाही. शामसुंदर गच्चीवर जाऊन प्यायचे. पण हॉलमध्ये, सोफ्यावर, होणाऱ्या जावयाच्या हातून ती पहिल्यांदाच येत होती. आणि जावयाच्या हातून येतं ते सगळं प्रसादच असतं.

तो अजून जावई झाला नव्हता. होकार आज द्यायचा होता. निहार पुण्याचा, नोकरी सॅन होजेला. अठ्ठ्याण्णव साल चालू होतं, आणि दोन हजार साल उजाडताच जगातले संगणक बंद पडतील या भीतीवर त्याची कंपनी गब्बर झाली होती. मागच्या रविवारी त्याने रूपश्रीला बघितलं, पास केलं. आज उत्तर न्यायला आला होता. येताना त्याने स्वतः घरी बनवलेल्या बिअरची बाटली आणली होती, अमेरिकेहून टॉवेलात गुंडाळून.

रूपश्रीला तो नको होता. पण नकाराला कारण लागतं, आणि तिच्याकडचं कारण कोणी धरलं नसतं. तो बोलायला लागला की आपण हळूहळू पुसले जातोय असं तिला वाटायचं. हे आईला कसं सांगणार?

"ही डबल आयपीए," निहार ओतत म्हणाला. "साध्या बिअरच्या दुप्पट हॉप्स. हॉप्स म्हणजे एक प्रकारची कडू फुलं. स्ट्राँग आहे, नऊ टक्के. काका, आधी उजेडात धरा. मग वास घ्या. मग छोटा घोट, जिभेवर फिरवा. लगेच गिळू नका."

मुलगी बघतानाही त्याची नजर अशीच पायरी पायरीने खाली आली होती.

त्याने आधी स्वतः घोट घेऊन दाखवला, मग शामसुंदरांनी घेतला. डोळ्यांत पाणी आलं. "फारच छान," ते म्हणाले. "एकदम फॉरेन."

"आता तू." निहारने रूपश्रीपुढे ग्लास सरकवला. "लाजू नकोस, मला मोकळी बायको हवीय. आणि खरं मत सांग हं. अगदी खरं."

रूपश्रीने सांगितलं तसंच केलं. ग्लास उजेडात धरला. जुन्या मधाचा रंग, थोडा गढूळ. वास पपनस सोलल्यासारखा. मग घोट. कडू होतं, पण कारल्यासारखं, जीभ जागी करणारं. आपल्याला हे आवडतंय याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. तिने गिळलं, आणि मागे काहीतरी वेगळंच उरलं.

"वास मस्त आहे. कडूपणाही आवडला मला," ती म्हणाली. "पण शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव येते."

"कसली?"

"पुठ्ठ्याची. पावसात साड्यांची खोकी भिजली की आमच्या दुकानात वास सुटतो ना, तशी."

"तुला काय कळतं गं त्यातलं?" सुनंदाबाई म्हणाल्या. "स्वल्प गप बस जरा."

निहारने आपल्या ग्लासातून पुन्हा एक घोट घेतला. घोट तोंडात असताना तो क्षणभर थांबला. मग हसला.

"तुझी जीभ तयार नाहीये अजून. होतं तसं. तिकडे आलीस की शिकवीन. सहा महिन्यांनी असं काही बोलणार नाहीस बघ."

"तुम्ही खरं विचारलंत."

"खरं सांगायला आधी त्यातलं कळावं लागतं. काका, तुम्हीच सांगा हिला. लागला तुम्हाला पुठ्ठा?"

सगळे शामसुंदरांकडे बघायला लागले. नुसती नकारार्थी मान हलवायची होती. चिकपेटेतल्या दुकानाच्या अख्ख्या गल्लीला त्यांनी अमेरिकेचं स्थळ सांगून ठेवलं होतं. सुनंदाबाई डोळ्यांनी हलवा, हलवा म्हणत होत्या.

त्यांनी ग्लास उचलला. या वेळी छोटा घोट घेतला, आणि लगेच गिळला नाही.

"लागला," ते म्हणाले. "मगाशीच लागला होता."

"मग छान का म्हणालात?"

"पाहुण्याला छानच म्हणतो आम्ही. गिऱ्हाईकालाही म्हणतो. पण पोरगी खोटं बोलली नाही."

निहार उठला. "सरळ सांगा ना, पोरीची बाजू घेताय. ठीक आहे. मी आईशी बोलतो, ती कळवेल काय ते."

"सरी, बरं तर," शामसुंदर म्हणाले. "ऑटो बोलावून देऊ?"

निम्मी उरलेली बाटली बूच लावून तो परत घेऊन गेला. फाटक वाजलं, आणि सुनंदाबाईंचा बांध फुटला.

"एका पुठ्ठ्यापायी स्थळ घालवलंत. तो काय कायमचा पुठ्ठा पाजणार होता हिला? आता लोकांना काय सांगू मी?"

"त्यालाही लागला होता, सुनंदा," शामसुंदर म्हणाले. "दुसऱ्या घोटाला तोंड बघितलं मी त्याचं. बरोबर लागला होता. तरी हिला म्हणाला, तुझी जीभ तयार नाही."

सुनंदाबाई टीपॉयवरचे ग्लास गोळा करायला लागल्या.

रूपश्रीला एकदम भूक लागली. सकाळपासून तिच्या घशाखाली धड काही उतरलं नव्हतं. तिने पाय सोफ्यावर घेतले, चकल्यांची बशी ओढली. एक संपवली. दुसरी तोंडात असतानाच तिसरी उचलली.

"पाहुण्यासाठी आहेत त्या," सुनंदाबाई सवयीने म्हणाल्या.

मग आत गेल्या, आणि डबाच आणून तिच्या मांडीवर ठेवला.